जांबोटीच्या वाटेवरचा पार

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

मंडळाच्या कार्यकर्त्यांचा फोन आला तेव्हा विषय त्यांनीच सांगितला : डोंगरातल्या यात्रेच्या वाटा, आणि त्या वाटांवर हरवलेलं अध्यात्म बांधकामातून परत कसं आणायचं. विषय ऐकूनच आम्ही जरा दचकलो. आम्ही दोघंही वास्तुरचनाकार. घर बेळगावात, मूळ गाव जांबोटी भागात. भिंती, कौलं, गटारं, पायऱ्या हे आमचं रोजचं काम. अध्यात्मावर बोलायचा अधिकार आम्हाला नाही. पण गेली काही वर्षं जांबोटी ते कणकुंबी या वाटेवर एक लहानसं काम आमच्याकडे आहे. त्यात आम्ही काय काय चुकलो ते सांगता येईल, असं म्हटलं तर कार्यकर्ते म्हणाले, तेच सांगा. म्हणून आलो. आरतीची वेळ झाली की थांबवा. प्रसादाला उशीर झाला तर लोक आमचं नाव घेतील.

इथे बसलेल्यांपैकी बरेचजण बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले आहेत, त्यांना जांबोटी सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. बेळगावहून गोव्याकडे चोर्ल्याच्या रस्त्यानं निघालं की खानापूर तालुक्यातलं हे गाव लागतं. तिथून पुढे झाडी दाट होते, माती लाल होते आणि पावसाळ्यात धुकं गाडीच्या काचेला चिकटून राहतं. आणखी पुढे कणकुंबी. माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम तिथेच. उंची जवळपास आठशे मीटर. गंमत अशी, की पावसाचा थेंब या माथ्याच्या एका अंगाला पडला तर तो मलप्रभेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातो. चार पावलं पलीकडे पडला तर म्हादईतून अरबी समुद्राला. त्या पाण्यावरून दोन राज्यांत किती वर्षं वाद चालू आहे ते तुम्ही पेपरात वाचताच, त्यात आज शिरत नाही.

या मलप्रभेच्या काठानं खाली जात राहिलं तर यात्रेची ठिकाणं एकामागून एक लागतात. हब्बनहट्टीचा मारुती, खानापूरजवळ असोग्याचा रामलिंग, सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा, आणि सुमारे तीनशे किलोमीटरनंतर नदी कृष्णेला मिळते तिथे बसवेश्वरांचं कूडलसंगम. माउलीपाशी सुरू झालेली नदी बसवण्णांपाशी संपते. मराठी-कानडीवर आपल्याकडे इतकं बोललं जातं, पण हे कुणी बोलत नाही.

कणकुंबीच्या माउलीची मोठी यात्रा दर बारा वर्षांनी भरते. आसपासच्या गावांचे देव पालख्यांतून भेटीला येतात. खालून गोव्याकडूनही माणसं चढून येतात. शिवाय कार्तिकीला पंढरपूरला पायी निघालेल्या दिंड्या असतात. या वाटेनं चालणारे लोक फार नाहीत. आळंदी-पंढरपूरसारखी लाखांची गर्दी इथे कधीच नव्हती. पण जे चालतात ते घाट चढून, दमून, लाल मातीनं माखून येतात. त्यांच्यासाठी एका वळणावर विसावा बांधायचा असं गावातल्या पाच-सहाजणांनी ठरवलं आणि काम आमच्याकडे आलं.

आमचा पहिला आराखडा आम्ही आजही कार्यालयात लावून ठेवला आहे, लाज वाटावी म्हणून. उंच प्रवेशकमान, आत गोल ध्यानमंदिर, वरून झरोक्यातून उतरणारा प्रकाश, खाली पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट, बाजूनं पाण्याची पट्टी. संगणकावर तयार केलेल्या चित्रात धुकंही घातलं होतं. चित्र इतकं देखणं होतं की दाखवताना आमचेच आवाज हळू झाले होते.

गावच्या देवळात बैठक झाली. पुढाऱ्यांना चित्र आवडलं. मागे खांबाला टेकून एक आजी बसल्या होत्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा की सुलटा ते एकदा आम्हाला विचारलं, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "चांगलं हाय की गा. खरं मी बसतो कुठं? आता पारावर बसतो. पार कुठं गेला तुमच्या कागदात?"

आपल्या भागात बायका 'मी बसतो' म्हणतात आणि 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात, हे बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो.

पार कागदात नव्हता. त्या वळणावर एक जुना वड आहे आणि त्याच्याभोवती चिऱ्यांचा, एका बाजूनं ढासळलेला पार आहे. जागेची मोजणी करताना आम्ही तो नोंदवला होता आणि आराखड्यात काढून टाकला होता, कारण ध्यानमंदिराच्या गोलाला तो आडवा येत होता. ज्या जागी माणसं पिढ्यान्‌पिढ्या टेकत आली ती जागा मोडून तिथे शांततेचं मंदिर काढायला आम्ही निघालो होतो. त्या दिवशी परतताना गाडीत आम्ही एकमेकांशी फारसं बोललो नाही.

मग आम्ही शिकायला निघालो. पुस्तकांकडे नंतर गेलो, आधी डोंगर चढलो.

पहिला जोतिबा. बेळगाव-निपाणीच्या लोकांना वाडी रत्नागिरी घरासारखी. संकेश्वर, निपाणी, कागल, कोल्हापूर करत आपल्याकडचे लोक चैत्राच्या यात्रेला जात आले आहेत. आजचं केदारनाथाचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं असं सांगतात. लहानपणापासून पाहिलेल्या त्या आवारात या वेळी आम्ही टेप घेऊन फिरलो. लक्षात काय आलं? सासनकाठी तीस फुटांहून उंच असते. ती नाचवत आणायची तर वर मोकळं आकाश लागतं, आणि वळायला बाजूला जागा लागते. ते आवार या काठ्यांच्या, पालखीच्या आणि गुलालाच्या मापाचं आहे. आज तिथे अडचण कसली होत असेल तर वायरींची, फलकांची आणि पत्र्याच्या शेडची. देवळात कुणी काही बिघडवलेलं नाही. देवळाभोवतीची मोकळी जागा मात्र थोडी थोडी करून खाल्ली गेली आहे.

दुसरी जेजुरी. तिथे आम्ही दोन दिवस राहिलो आणि पायऱ्यांवरच बसलो. जेजुरीला नऊ लाख पायरी म्हणायची रीत आहे. आकडा सोडून द्या, पण त्या पायऱ्या, कमानी आणि दीपमाळा आल्या कशा ते बघा. होळकरांसारख्या मोठ्या घराण्यांनी मोठी कामं केलीच. पण बाकीचं पुष्कळसं लहानसहान माणसांच्या नवसातून आलं. कुणी एक पायरी दिली, कुणी कमान, कुणाची दीपमाळ. देणाऱ्यांची नावं दगडावर कोरलेली सापडतात. एका वास्तुरचनाकारानं एका कागदावर काढलेला तो गड नाही. म्हणून पायरीची उंची सारखी नाही, कमानीमधलं अंतर सारखं नाही. आमच्या शिक्षणाप्रमाणे ही चूक. चढताना मात्र ही चूक बरी वाटते. पाय एका चालीत पडत नाहीत, मन पायांकडे राहतं. कमान आली की सावली, सावलीत चार माणसं टेकलेली, पुढे पुन्हा ऊन. गडाच्या जतनाचं काम अलीकडे राज्य सरकारच्या विकास आराखड्यातून हाती घेतलं गेलं आहे, ही चांगली गोष्ट. तिथे जाल तेव्हा गाभाऱ्याच्या रांगेत जेवढा वेळ घालवाल त्याच्या अर्धा तरी पायऱ्यांना द्या.

वणीच्या सप्तशृंगीला उमाबाई दाभाड्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी पायऱ्या बांधवल्या. २०१८ पासून तिथे रुळांवरून वर नेणारी ट्रॉली आहे. ट्रॉली आली आणि यात्रेतला भाव गेला, असं आमच्यापैकी एकाचं मत होतं. दुसऱ्यानं विचारलं, तुझ्या आईचे गुडघे बदलले तेव्हा ती वर कशी गेली? ट्रॉलीनंच. वर पोचल्यावर ती रडली होती. तेव्हा यंत्र आलं की देव गेला, असं म्हणण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की ट्रॉली आल्यावर पायऱ्यांकडे कुणी बघतं का? पायी चढणाऱ्याला पाणी, सावली, दिवा मिळतो का, की तो आता मागे राहिलेला गिऱ्हाईक ठरतो?

हाच प्रश्न पालखी मार्गालाही आहे. आळंदी-देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. कडेनं वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट असावी असं त्यात धरलं आहे. सरकारी कामात चालणाऱ्याचा वेगळा विचार झाला हे मोठंच. पण रुंद रस्ता म्हटला की जुनी झाडं जातात. नवीन रोपटं सावली द्यायला किती वर्षं घेतं हे ज्यानं उन्हात चालून पाहिलं त्याला विचारावं.

परदेशातलं एक उदाहरण सांगतो, कारण ते आमच्या कामाच्या फार जवळचं आहे. मेक्सिकोत हालिस्को नावाचा प्रांत आहे. तिथे आमेका गावापासून ताल्पा गावातल्या मेरीमातेच्या देवळापर्यंत डोंगरातून पायी यात्रा जाते, ११७ किलोमीटर. वर्षाला लाखो माणसं. उपास, तहान, फोड आलेले पाय, सगळं आपल्यासारखंच. २००८ च्या सुमारास तिथल्या सरकारनं या वाटेवर काही विसावे बांधायला घेतले. तातियाना बिल्बाओ आणि देरेक देलेकाम्प या दोघांकडे मुख्य काम होतं, आणि इतर देशांतल्या वास्तुरचनाकारांनाही एकेक जागा दिली होती. एका ठिकाणी फक्त चार उंच पांढऱ्या भिंती आहेत, छप्परच नाही. माणूस आत शिरतो, वर आकाश दिसतं, बाहेर पडतो. दुसरीकडे जाळीदार भिंतींची साधी निवासस्थानं आहेत, रात्री अंग टाकायला. आमच्यातल्या एकाला त्या चार भिंतींची भुरळ पडली. दुसऱ्याला ती जाळीदार निवासस्थानं जास्त कामाची वाटली. यावर आमचं बरंच भांडण झालं. शेवटी आम्हाला जे पटलं ते असं : मेक्सिकोत त्यांनी ताल्पाचं देऊळ मोठं केलं नाही, वाटेकडे लक्ष दिलं. ते घ्यायचं. चार भिंती त्यांच्या त्यांना लखलाभ. जांबोटीच्या पावसात छप्पर नसलेली भिंत दोन वर्षांत शेवाळानं हिरवी होईल आणि तिसऱ्या वर्षी तिच्यावर कुणीतरी पानाची पिचकारी मारेल.

आपल्या भागातलं खरं शहाणपण आम्हाला हब्बनहट्टीला दिसलं. मलप्रभेच्या पात्रात स्वयंभू मारुती आहे. पावसाळ्यात नदी चढली की देऊळ पाण्याखाली जातं. दरवर्षी पेपरात फोटो येतो. लहानपणी आम्हाला वाटायचं, एवढी माणसं येतात तर देव उचलून वर का नेत नाहीत? आता वाटतं, नेला नाही हे बरं झालं. पाणी आलं की देव पाण्यात, लोक काठावरून हात जोडतात. पाणी उतरलं की गाळ काढायचा, धुवायचं, पुन्हा पूजा. तिथला प्रत्येक माणूस नदी कशी वागते ते देवामुळे लक्षात ठेवतो. कसलाही संगमरवर न लावता हे घडतं.

अध्यात्म हरवलं असं म्हणणं सोपं आहे. डोक्यावर तुळस घेऊन चढणाऱ्या बाईला जाऊन सांगा, तुमचं अध्यात्म हरवलंय, आम्ही परत आणतो. ती हसेल. तिचं काही हरवलेलं नाही. आपण तिच्या वाटेत आणून ठेवलेल्या वस्तूच जास्त झाल्या आहेत : भोंगे, चकचकीत फरशी, उन्हात तापणारा पत्रा, देणगीदारांचे फलक. आमचं काम आणण्याचं कमी आणि हटवण्याचं जास्त आहे.

दुसरी बैठक आम्ही कागद न नेता घेतली आणि फक्त ऐकलं. त्यात एक गोष्ट कळली, ती आम्हाला आधी कळायला हवी होती. दिंडीतल्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. कारण आडोसा नाही. पहाटे अंधारात उठायचं, मग रात्र पडेपर्यंत कळ सोसायची. एक तरुण बाई म्हणाली, "देवाचं नाव घेतो, खरं ध्यान सगळं पोटाकडंच ऱ्हातंय." जमलेले पुरुष खाली बघायला लागले. आम्हीही. वास्तुरचनेच्या पुस्तकांत पवित्र जागेबद्दल पानंच्या पानं असतात. या एका वाक्यापुढे आम्हाला ती सगळी अपुरी वाटली.

म्हणून नव्या आराखड्यात पहिली जागा ठरली ती बायकांच्या स्वच्छतागृहाची. पारापासून इतक्या अंतरावर की वास येऊ नये, आणि इतक्या जवळ की रात्री एकटीला भीती वाटू नये. वाट चिऱ्यांची, कारण पॉलिश केलेला ग्रॅनाइट पावसात निसरडा आणि उन्हात तव्यासारखा होतो. अनवाणी माणसाला जांभ्याचा खरखरीतपणा बरा. त्यानंतर पाणी. छपरावरचं पावसाचं पाणी साठवायची टाकी आणि तिला दोन तोट्या, एक उभ्यानं प्यायला, एक बसून पाय धुवायला. मग छप्पर. लाकडी वासे, मंगळुरी कौलं, उतार जास्त, कारण तिथला पाऊस आडवा येतो. तीन बाजू मोकळ्या. भिंत फक्त वाऱ्याकडच्या बाजूला.

आणि पार जिथे आहे तिथेच. ढासळलेली बाजू चुन्यात पुन्हा बांधली. वडाच्या मुळ्यांना सिमेंट लावायचं नाही, एवढी अट आम्ही गवंड्याला घातली. तो म्हणाला, "मला ठाऊक हाय, तुमालाच ठाऊक नव्हतं."

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. देणगीदारांचा प्रश्न आला. एका गृहस्थांना नावाची संगमरवरी पाटी दर्शनी भागात हवी होती. त्यांना नाही म्हणताना आम्हाला जेजुरी आठवली. नाव कोरणं वाईट आहे असं आम्ही कुठल्या तोंडानं सांगणार? तिथेही नावं आहेतच की. फरक एवढाच की ती पायरीवर आहेत, लोकांच्या पायाखाली. आम्ही म्हटलं, नाव घाला, पण ज्या चिऱ्यावर लोक बसतात किंवा पाय ठेवतात त्याच्यावर. काहींना आवडलं. दोघांनी देणगी मागे घेतली. त्यामुळे दीपमाळ राहिली ती राहिलीच.

स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असावी यावर तर तीन बैठका झाल्या. उघडं ठेवलं तर घाण, कुलूप लावलं तर उपयोग काय? सध्या दिंडीच्या दिवसांत गावातल्या बायकांचा गट ते उघडतो, झाडतो, आणि त्यांना गावाकडून मोबदला मिळतो. मोबदल्याशिवाय सेवा म्हणून करा, असं कुणीतरी सुचवलं होतं. सुचवणाऱ्यांत बाई एकही नव्हती.

जुनी पायवाट झाडीतून वर चढते, तिला पायऱ्या कराव्यात असाही एक आग्रह आहे. हा भाग भीमगड अभयारण्याच्या शेजारचा. वनखात्याला विचारल्याशिवाय एक दगड हलवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्हा दोघांचं यावरही एकमत नाही. एक म्हणतो, पावसाचं पाणी तीच वाट धरतं आणि तिचा ओढा होतो, तेव्हा वळणावळणाला दगडाची आडवी ओळ तरी घालू. दुसरा म्हणतो, एकदा पायरी घातली की कठडा येतो, कठड्यामागून दिवे, दिव्यांमागून दुकान. अर्ज लिहून तयार आहे. दिलेला नाही.

गेल्या कार्तिकात पहिली दिंडी तिथे मुक्कामाला उतरली. आम्ही मुद्दाम गेलो होतो. लोक आमच्या छपराखाली बसतील, भजन तिथे होईल, असं धरून त्याची लांबी-रुंदी ठरवली होती. तसं काही झालं नाही. छपराखाली त्यांनी पिशव्या ठेवल्या, चूल मांडली, डाळ शिजायला टाकली. भजन पारावर झालं, वडाखाली, उघड्यावर. टाळ वाजायला लागले तसा धूर हळूहळू वडात चढत गेला. बायका तोटीशी गर्दी करून पाणी पीत होत्या, तांब्या तांब्या पाणी, आणि आम्ही दोघं तेच बघत उभे होतो.

आजी आल्या होत्या. पाराच्या नव्यानं बांधलेल्या बाजूला बसल्या आणि पाय हलवून दाखवले. पाय जमिनीला टेकत नव्हते. आम्ही बसायची उंची दीड फूट धरली होती, पुस्तकातली. आजी साडेचार फुटांच्या. "जुन्या बाजूला टेकतात," असं म्हणून त्या उठल्या आणि ढासळता ढासळता राहिलेल्या जुन्या कोपऱ्यावर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी गवंड्याला सांगून नव्या बाजूला खाली एक चिऱ्याची पायरी लावून घेतली. त्या चिऱ्यावर कुणाचं नाव घालायचं ते अजून ठरलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी चोर्ल्यानं गोव्याला जात असाल तर जांबोटी सोडल्यावर गाडीचा वेग जरा कमी ठेवा. वड डाव्या हाताला दिसेल.